हिमालयाची मोजणी आणि जालन्याचा खडक

मे महिन्यात आमच्या शेताची मोजणी झाली. मेमधलं जालन्याचं रान ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. काळ्या जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, बांधावरच्या बाभळीची सावली असून नसल्यासारखी होती, आणि भूकरमापक साहेब एक उंच काठी घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत होते. काठीच्या टोकाला पालथ्या वाटीसारखं यंत्र. त्याला रोव्हर म्हणतात. हद्दीच्या दगडावर काठी टेकवायची, ती सरळ उभी आहे ना ते बुडबुड्यावरून पाहायचं आणि थोडं थांबायचं. तेवढ्यात त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात.

माझ्या लहानपणी हे काम साखळीनं होई. मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. असे 40 गुंठे झाले की एकर. आज साखळी गेली, पण आपण जमीन गुंठ्यात बोलतो तेव्हा माप तिचंच असतं.

शेजारच्या शेताचे म्हातारे बाबा सकाळपासून बांधावर बसून होते. बांधाचं काम म्हटलं की दोन्हीकडची माणसं हजर असतातच. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "काय हो साहेब, त्या वरल्या यंत्राला आमचा बांध दिसतो व्हय?"

साहेबांनी काठी तशीच धरून ठेवत उत्तर दिलं, "बाबा, त्याला काहीच दिसत नाही. मी कुठं आहे आन् आत्ता किती वाजले, एवढंच ते सांगत राहतं."

इतकं नेमकं उत्तर मी कुठल्या पुस्तकातही वाचलेलं नाही. नुसती वेळ सांगणाऱ्या याच उपग्रहांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आणखी एक मोजणी केली आहे. भारताची जमीन हिमालयाखाली दर वर्षी किती घुसते, याची ती मोजणी. आणि त्या मोजणीत आमच्या बांधाखालच्या खडकाचं जे स्थान आहे, ते आमच्या जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत असेल.

आधी साहेबांचं वाक्य थोडं उलगडू. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि साधारण बारा तासांत पृथ्वीची एक फेरी पूर्ण करतात. प्रत्येकात अणुघड्याळं असतात. उपग्रह आपली जागा आणि वेळ रेडिओलहरींवरून सतत कळवत असतो. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी यातल्या फरकाला प्रकाशाच्या वेगानं गुणलं की उपग्रहाचं अंतर मिळतं. प्रकाश एका सेकंदात जवळपास 3 लाख किलोमीटर जातो. म्हणजे घड्याळ सेकंदाच्या एक अब्जांश भागानं चुकलं तरी अंतरात 30 सेंटीमीटरची चूक येते. बांधाच्या भांडणात 30 सेंटीमीटर म्हणजे काय, ते कोर्टाच्या तारखा केलेल्या माणसाला विचारावं. आइन्स्टाइननं सांगितल्याप्रमाणे वेगामुळे आणि उंचीमुळे उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातं. तो फरक आधीच दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात अंतर दहा किलोमीटरहून अधिक चुकेल. एका उपग्रहापासूनचं अंतर पुरत नाही. तीन दिशांसाठी तीन उपग्रह लागतात, आणि आपल्या हातातल्या यंत्राचं साधं घड्याळ सुधारून घ्यायला चौथा.

एवढं करूनही खिशातला फोन चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. रोव्हर मात्र दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. याचं मोठं कारण, रोव्हर एकटा नसतो. जिची जागा पक्की ठाऊक आहे अशा ठिकाणी दुसरं यंत्र रात्रंदिवस चालू असतं. भारतीय सर्वेक्षण विभागानं अशी कायमची केंद्रं राज्यभर उभी केली आहेत. हवेमुळे किंवा उपग्रहाच्या कक्षेमुळे जी चूक रोव्हरला येते, जवळपास तीच त्या केंद्रालाही येते. दोघांची वजाबाकी केली की चूक निघून जाते.

मोजणीतलं मर्म याच वजाबाकीत आहे. कोणतीही गोष्ट मोजायची तर आधी एक खुंटी ठोकावी लागते, आणि ती खुंटी हलता कामा नये. बांध मोजायला सर्वेक्षणाचं केंद्र ही खुंटी पुरते. हिमालय मोजायचा झाला तर खुंटी कुठे ठोकायची?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. जालन्यात विहीर खोदताना ते थरानं वर येतं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, मध्येच कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा आणि त्याखाली घणाला दाद न देणारा काळा पाषाण. खडकातल्या पोकळ्यांत पांढऱ्या, गुलाबी झाक असलेल्या स्फटिकांच्या गारगोट्या सापडतात. जालन्याच्या खाणींतले असे नमुने जगभरच्या खनिज-संग्राहकांकडे मांडून ठेवलेले आहेत. हा सगळा दख्खनचा बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. अजिंठ्याच्या डोंगरांना ज्या पायऱ्या दिसतात, त्या हेच थर.

हा लाव्हा बाहेर पडला तेव्हा ही जमीन आजच्या जागी नव्हती. तप्त दगड थंड होताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं रांगेत बसतात आणि तसेच गोठतात. मोकळी टांगलेली चुंबकाची सुई विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवाकडे जाताना अधिकाधिक कलते. त्यामुळे दगडातल्या कणांचा कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर थंड झाला हे कळतं. 1950 च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या शास्त्रज्ञांनी दख्खनचे दगड तपासले आणि ते विषुववृत्ताच्या बरेच दक्षिणेला तयार झाल्याचं दाखवून दिलं. हिंदी महासागरातल्या आजच्या रियुनियन बेटाखाली जो तप्त स्रोत आहे, त्याच्याशी दख्खनच्या लाव्हाचा संबंध लावला जातो. ते बेट 21 अंश दक्षिणेला, जालना जवळपास 20 अंश उत्तरेला. मधलं उत्तर-दक्षिण अंतर साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास. आमच्या विहिरीतला दगड एवढा प्रवास करून आला आहे. भारताला वाहून नेणारी ही खडकाची प्रचंड भूपट्टी सुरुवातीला वर्षाला 15 सेंटीमीटर किंवा त्याहूनही जोरात धावत होती. साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला धडकली, वेग मंदावला आणि हिमालय उचलला जाऊ लागला.

मंदावला तरी थांबला नाही. आज पृथ्वीच्या केंद्राच्या संदर्भात भारतीय भूपट्टी ईशान्येकडे वर्षाला 5 सेंटीमीटरहून किंचित जास्त सरकते. एक मोठं कागदी लिंबू आडवं ठेवा, साधारण तेवढं.

म्हणजे खुंटीच चालते आहे. मग ती खुंटी कशी म्हणायची? याचं उत्तर असं की एखादी वस्तू सगळीच्या सगळी एकसंध सरकत असेल, तिच्या आत ना आकुंचन ना ताण, तर ती संदर्भासाठी चालते. धावत्या एसटीत बसून आपण शेजारच्याला चहा ओतून देतो, तसं. प्रश्न एवढाच की दख्खनचं पठार खरंच असं एकसंध आहे का. हे गृहीत धरून चालत नाही, मोजूनच ठरवावं लागतं. आणि ही मोजणी सुरू झाली दोनशे वर्षांपूर्वी. तिच्या सुरुवातीच्या माणसांपैकी एकाचा धागा थेट आमच्या जिल्ह्यात येतो.

भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आसई नावाचं गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी इथं शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. पुढे हाच वेलस्ली वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. त्याच्याच 33 व्या पलटणीत विल्यम लॅम्बटन नावाचा अधिकारी होता. 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत रात्रीच्या कूचमध्ये तुकडीची दिशा चुकली आहे हे त्यानं ताऱ्यांकडे पाहून ओळखलं होतं. या लॅम्बटननं हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजण्याची योजना मांडली. वेलस्लीनं तिची शिफारस केली. आसईच्या आदल्याच वर्षी, 10 एप्रिल 1802 रोजी, मद्रासजवळ पोलादी साखळीनं पहिली आधाररेषा मोजायला सुरुवात झाली. लांबी सुमारे 12 किलोमीटर. एवढी एकच बाजू साखळीनं मोजायची, तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीकडे बघून कोन मोजायचे आणि उरलेल्या दोन बाजू गणितानं काढायच्या. मग त्यातल्या एका बाजूवर पुढचा त्रिकोण रचायचा. कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाचं होतं. डोंगरांवर, देवळांच्या शिखरांवर ते दोरखंडांनी चढवलं जाई.

त्रिकोणामागून त्रिकोण रचत लॅम्बटन बिदरवरून वऱ्हाडापर्यंत आला. या कामातच 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. मला ही जागा महाराष्ट्रातल्या विज्ञानाच्या तीर्थांपैकी एक वाटते. शाळेच्या सहली तिथे जायला हव्यात. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं डेहराडून-मसुरीपर्यंत नेलं.

हिमालयाजवळ पोचल्यावर एक गोंधळ समोर आला. सिरोंजजवळचं कल्याणपूर आणि उत्तरेतलं कलियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर त्रिकोणांनी एक येत होतं आणि ताऱ्यांवरून दुसरं. फरक कोनात सव्वापाच सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे 160 मीटर. कारण असं की ताऱ्यांची मोजणी ओळंब्यावर अवलंबून असते, आणि डोंगराचं वस्तुमान ओळंब्याला स्वतःकडे ओढतं. कोलकात्याचे पाद्री जॉन प्रॅट यांनी ही ओढ किती असावी याचा हिशेब मांडला, तेव्हा ती प्रत्यक्षातल्या ओढीच्या जवळपास तिप्पट निघाली. हिमालय त्याच्या आकाराच्या मानानं ओळंब्याला फारच कमी ओढत होता. या कोड्यातून 1855 मध्ये जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की डोंगराखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असलं पाहिजे, पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडाचा मोठा भाग पाण्याखाली असतो तसं. शेत मोजायच्या विद्येनं पर्वताचं मूळ शोधलं.

आता पुन्हा खुंटीकडे. 1990 च्या दशकात बंगळूरचे विनोद गौर, अमेरिकेतले रॉजर बिलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या त्या जुन्या सर्वेक्षणाच्या खुणा शोधून काढल्या. दगडात कोरलेल्या खुणांवर जीपीएसची यंत्रं ठेवली आणि एकोणिसाव्या शतकातले त्रिकोण पुन्हा मोजले. शंभराहून अधिक वर्षांत त्रिकोणांचा आकार बदलला का, एवढाच प्रश्न होता. मोजणीच्या अचूकतेत दिसेल असा बदल सापडला नाही. जुन्या मोजणीदारांचं काम किती चोख होतं हेही यातून कळलं. पुढे बंगळूर आणि हैदराबाद इथल्या कायमच्या केंद्रांच्या नोंदी साचत गेल्या. मुंबईची आयआयटी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्या संशोधकांनी दख्खनच्या पठारावर मोजण्या केल्या. 2012 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या केंद्रांचा हिशेब मांडून दाखवलं की भारतीय भूपट्टीच्या आतली हालचाल वर्षाला 1 ते 2 मिलिमीटरच्या आतच आहे. शेकडो किलोमीटरच्या पसाऱ्यात दीड मिलिमीटर म्हणजे स्थिरच. खुंटी पक्की आहे.

मिलिमीटर मोजणं मात्र रोव्हरच्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यासाठी फोनसारखी संदेशातली वेळ वाचून तर चालतच नाही, रोव्हरप्रमाणे संदेश वाहून आणणारी लहरच मोजावी लागते, तीही कितीतरी अधिक वेळ. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी 19 सेंटीमीटर. तिच्या एका लहरीचा शंभरावा भाग यंत्राला ओळखता येतो, म्हणजे दोनच मिलिमीटर. अडचण अशी की यंत्र आणि उपग्रह यांच्यामध्ये अशा पूर्ण लहरी किती आहेत ते कळत नाही, फक्त शेवटच्या अपुऱ्या लहरीचा तुकडा कळतो. कापड मोजणाऱ्यानं शेवटचा तुकडा अचूक सांगावा आणि आधीचे मीटर किती झाले ते विसरून जावं, असं काहीसं. उपग्रह आकाशातून सरकत असताना तासन् तास नोंद घेतली की गणितात एकच पूर्णांक बसतो आणि तो आकडा पक्का होतो.

मग हवा आडवी येते. शंभर किलोमीटरच्या वरच्या विद्युतभारित थरातून लहर रेंगाळते. दोन वेगवेगळ्या लांबीच्या लहरी वेगवेगळ्या रेंगाळतात, म्हणून दोन्ही पकडून त्यांच्या फरकावरून ही चूक काढून टाकता येते. खालच्या हवेचं तसं नाही. अगदी डोक्यावरच्या उपग्रहाकडून आलेल्या लहरीलाही साधी हवा सुमारे सव्वादोन मीटरचा उशीर करते. पावसाळ्यात बाष्पामुळे त्यात आणखी काही दशांश मीटरची भर पडते आणि ती तासातासाला बदलते. ही चूक मोजणीबरोबरच गणितानं काढावी लागते. गंमत म्हणजे हवामानशास्त्रज्ञांना तीच हवी असते, कारण तिच्यावरून हवेत पाणी किती आहे ते कळतं.

आणि सगळ्यात साधी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे खांब. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर बांधलेल्या भिंतींना दर दोन वर्षांनी तडे जातात हे जालन्यात घर बांधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा मातीत यंत्र रोवलं तर ते मातीचा श्वासोच्छ्वास मोजेल, भूपट्टीची हालचाल नव्हे. म्हणून माती आणि मुरूम ओलांडून अखंड खडकापर्यंत जायचं, तिथं पोलाद रोवायचं, त्यावर खांब उभारायचा आणि वर्षानुवर्षं हात न लावता नोंदी घेत राहायच्या. एका दिवसाची नोंद काही मिलिमीटर इकडेतिकडे असते. पाच-दहा वर्षांच्या नोंदी कागदावर मांडल्या की ठिपक्यांच्या गर्दीतून एक तिरकी रेघ उठून दिसते. त्या रेघेचा चढ म्हणजे वेग. या विद्येत घाई करून काहीही हाती लागत नाही.

आता ही पक्की खुंटी धरून उत्तरेकडे जाऊ. नेपाळमध्ये 1991 पासून अशा मोजण्या सुरू झाल्या. समजा, हिमालयाच्या पायथ्याच्या तराईपासून तिबेटमधल्या ल्हासाच्या पठारापर्यंत ओळीनं खांब उभे केले आणि दर वर्षी प्रत्येकाचं दख्खनपासूनचं अंतर मोजलं. तराईतल्या खांबाचं अंतर बदलत नाही, तो अजून आपल्याच पट्टीवर आहे. काठमांडूच्या परिसरातला खांब अगदी थोडा जवळ येतो. उंच शिखरांच्या पट्ट्यात शिरलं की आकडा झपाट्यानं वाढतो. पलीकडे तिबेटमध्ये पोचेपर्यंत तो वर्षाला जवळपास 2 सेंटीमीटर होतो. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेपाळच्या मोजणीत तो 18 मिलिमीटरच्या आसपास आला होता, आणि नंतरच्या मोजण्या त्याच्या आसपासच राहिल्या आहेत. भारत आणि युरेशिया यांचं एकमेकांकडे येणं एकूण वर्षाला साधारण साडेतीन ते चार सेंटीमीटर. त्यातलं निम्मं हिमालयात खर्ची पडतं, उरलेलं तिबेट आणि त्यापलीकडची पर्वतराजी सोसते.

नुसत्या आकड्यापेक्षा तो कुठे बदलतो हे मला जास्त मोलाचं वाटतं. भारताची पट्टी ज्या उतरत्या भेगेवरून हिमालयाखाली जाते, ती भेग जर मोकळी सरकत असती, तर सगळा फरक डोंगराच्या पायथ्यालाच दिसला असता. पायथ्याच्या अलीकडचा खांब भारताचा, पलीकडचा तिबेटचा. तसं दिसत नाही. पायथ्यापासून उत्तरेला जवळपास शंभर किलोमीटरपर्यंत डोंगर भारताला चिकटून बसला आहे आणि ताण पुढे उंच शिखरांच्या खाली साठतो आहे. पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार आठवा. आपण ढकलत राहतो, दार चौकटीत अडकलेलंच असतं, फळ्या मात्र किंचित वाकतात. बाहेरून काहीच घडत नाही असं वाटतं. मग एकदम आवाज होऊन दार सुटतं. त्या वाकलेल्या फळ्यांची वाक मोजणं, हे जीपीएसचं काम.

25 एप्रिल 2015 रोजी दुपारी असं एक दार अर्धवट सुटलं. गोरखा भूकंप, 7.8 तीव्रतेचा. काठमांडूच्या परिसरातली केंद्रं सेकंदाला अनेक नोंदी घेत होती. काही सेकंदांत काठमांडूचं खोरं दीड-दोन मीटर दक्षिणेला सरकलं आणि सुमारे एक मीटर वर उचललं गेलं. दशकानुदशकं मिलिमीटरनं जमलेला हिशेब एका दमात चुकता झाला. नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. तरीही तुटलेली भेग पायथ्यापर्यंत पोचली नाही. दक्षिणेकडचा भाग अजून अडकलेलाच आहे. पश्चिम नेपाळमध्ये शेवटचा फार मोठा भूकंप 1505 साली झाला. तेव्हापासून 500 वर्षांहून अधिक काळ वर्षाला 2 सेंटीमीटरप्रमाणे धरलं तर सुमारे 10 मीटरची सरक तिथं तुंबून आहे. ती कधी सुटेल हे जीपीएस सांगू शकत नाही. किती तुंबली आहे आणि कुठे, एवढं मात्र ते ठामपणे सांगतं. तिथल्या शाळा आणि दवाखाने कसे बांधायचे हे ठरवायला एवढी माहिती पुरेशी आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला इथे किल्लारीचा भूकंप आठवल्याशिवाय राहत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. जालन्यापासून ते ठिकाण सरळ रेषेत 200 किलोमीटरच्या आसपास. 6.2 तीव्रतेचा तो भूकंप याच खुंटीच्या पोटात झाला, ज्या खुंटीला मी इतका वेळ पक्की म्हणतो आहे. नंतर तिथं खोल छिद्र पाडलं तेव्हा बेसाल्टचा थर 338 मीटर जाडीचा निघाला, त्याखाली प्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक. त्या खडकातल्या जुन्या भेगा बेसाल्टनं झाकलेल्या आहेत. हिमालयात भारताची पट्टी अडते तेव्हा तिच्यावर येणारा दाब इथवर पोचतो आणि अशा एखाद्या भेगेला हजारो वर्षांतून एकदा हलवतो. इतक्या सावकाश साठणारा ताण जीपीएसच्या 1-2 मिलिमीटरच्या मर्यादेच्या आत लपून राहतो. म्हणून 'स्थिर' या शब्दाचा अर्थ 'निर्धोक' असा करता येत नाही. किल्लारीत माणसं मारली ती माती आणि दगडांच्या जाड भिंतींनी आणि त्यांवरच्या जड माळवदांनी. तशी घरं जालना जिल्ह्यात अजून उभी आहेत. हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर त्यातली काही घरं आहेत.

मोजणी संपल्यावर साहेब झाडाखाली पाणी प्यायला बसले, तेव्हा मी त्यांना विचारलं की सगळी जमीनच सरकते तर आज नोंदलेले अक्षांश-रेखांश वीस वर्षांनी खरे राहतील का. वर्षाला पाच सेंटीमीटर म्हणजे वीस वर्षांत मीटरभर. बाबांनी कान टवकारले. मीटरभर म्हटल्यावर कोणीही टवकारेल. खरं तर काळजीचं कारण नाही, कारण बाबांचं शेत, आमचं शेत, मधला बांध आणि सर्वेक्षणाचं केंद्र सगळं एकाच गतीनं एकाच दिशेला जातं. आपसातली अंतरं तीच राहतात. फक्त अक्षांश-रेखांश कोणत्या साली मोजले ते नोंदीत हवं. ऑस्ट्रेलियाची पट्टी वर्षाला 7 सेंटीमीटर सरकते. त्यांनी 1994 च्या जागांवर आधारलेली देशाची मापनचौकट बदलून 2020 ची घेतली, तेव्हा नकाशावरचा प्रत्येक बिंदू सुमारे 1.8 मीटर पुढे न्यावा लागला. कोणाचंही कुंपण हललं नाही, आकडे मात्र सगळ्यांचेच बदलले.

बाबांना हे पटलं. "म्हंजी आमी दोघं बी चाललोत, पर बांध मधीच ऱ्हातो," ते म्हणाले, आणि उठून गेले.

त्यानंतर मी एका संध्याकाळी बसून थोडा हिशेब केला. आसईच्या लढाईपासून आजवर ते रण, त्या दोन नद्या आणि गावासकट, ईशान्येला अकरा-बारा मीटर सरकलं आहे. हिंगणघाटची लॅम्बटनची कबर तिथं बांधली गेल्यापासून दहा मीटरांहून जास्त. तेवढ्याच काळात तराईतला दगड आणि तिबेटमधला दगड यांच्यातलं अंतर साडेतीन ते चार मीटरनं कमी झालं.